होडीच्या मोटारीला तेल कोणतं?

या अंकासाठी पाण्यावर काहीतरी लिही, असं संपादकताईंनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक पाऊस असणार, खिडकी असणार, झालंच तर चहा. मी होकार दिला आणि घरी येऊन विचार केला, की पाण्याशी माझा खराखुरा संबंध कधी आला? तर हुसेनसागरात, एका रेस्क्यू बोटीवर. आणि तिथे मला जे काही शिकायला मिळालं ते सगळं तेलाबद्दल होतं. म्हणून हा लेख तेलावर आहे. होडीच्या मागे लटकते ना, त्या मोटारीच्या इंजिन ऑइलवर. ताईंनी हसून परवानगी दिलीय, तेव्हा आता तक्रार चालणार नाही.

आधी माझा पराक्रम सांगते. हैदराबादेत शिडाच्या होड्यांचं वेड बरंच जुनं आहे हे बाहेरच्यांना माहीत नसतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण १६व्या शतकात कुतुबशाहीत बांधलेल्या या तलावावर लष्कराच्या ईएमई सेलिंग असोसिएशनच्या पुढाकाराने हैदराबाद सेलिंग वीक भरतो आणि देशभरातले खेळाडू लेझर होड्या घेऊन येतात. पावसाळ्यात वारा चांगला मिळतो म्हणून. मी खेळाडू वगैरे नाही. एका ठिकाणी (नाव मुद्दाम देत नाही) शनिवार-रविवार लहान मुलांचा सराव चालायचा, तिथे मदतनीस म्हणून जायचे. मुलं एकेकट्याच्या छोट्या होड्यांत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला आमची मोटारबोट. होडी उलटली की आम्ही जायचं, मुलाला वर घ्यायचं, होडी सरळ करायची. मोटार होती २५ हॉर्सपॉवरची, फोर-स्ट्रोक, होडीच्या पाठीला क्लॅम्पने अडकवलेली. आउटबोर्ड मोटार म्हणतात ती हीच. आमच्याकडे सगळे ‘ओबीएम’ म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी मी उत्साहाने म्हटलं, आज तेल मी बघते. बोट धक्क्याला बांधलेली होती आणि पंख्यात शेवाळ अडकू नये म्हणून मोटार वर उचलून तिरकी ठेवलेली. मी तशीच डिपस्टिक काढली. टोकाला जेमतेम तेल. बापरे, म्हटलं, मोटार कोरडी पडली की! कपाटात बाइकच्या तेलाचा डबा होता, २०डब्ल्यू-४०. त्यातलं अंदाजे अर्धा लिटर ओतलं, झाकण लावलं, हात पुसले. कुणाला विचारलं नाही. सांगितलंही नाही.

दुपारी वारा वाढला. सराव तलावाच्या मध्यावर चालला होता, बुद्धमूर्तीच्या अलीकडे. एक दहा वर्षांचा मुलगा उलटला. आम्ही मोटार सुरू करून निघालो आणि अर्ध्या वाटेत बझर ओरडायला लागला, मागे निळसर धुराचा ढग, आवाज जड झाला, वेग आपोआप पडला, दोन आचके देऊन मोटार बंद. दोरी ओढून ओढून हात दुखले. समोर तो मुलगा पालथ्या होडीला धरून आमच्याकडे बघतोय आणि आम्ही वाऱ्याबरोबर त्याच्यापासून लांब जातोय. लाइफ जॅकेट होतं, दुसरी बोट पाच-सात मिनिटांत पोचली, त्याला काही झालं नाही. किनाऱ्यावर तो वडापाव मागत होता. पण हुसेनसागर म्हणजे नुसता फोटो काढायचा तलाव नाही. १९९० साली हीच बुद्धमूर्ती तराफ्यावरून नेताना पाण्यात गेली तेव्हा माणसं दगावली होती, आणि मूर्ती वर काढून बसवायला १९९२चा डिसेंबर उजाडला. त्या पाच-सात मिनिटांत मला ते आठवत होतं.

मोटार उघडली ती चाचांनी. चाचा म्हणजे आमचे मिस्त्री, सिकंदराबादचे, वय साठीच्या पुढे. त्यांनी मोटार सरळ उभी केली, जरा वेळ थांबले, डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. त्यांनी ती नाकाशी धरली आणि मग माझ्या नाकाशी. पेट्रोलचा वास.

“तेल कौन डाला?”

“मी, चाचा. मैं.”

“मोटर सीधी करके देखी थी क्या, बेटा?”

मी गप्प. ते रागावले नाहीत. नंतर तीन रविवार त्यांनी मला जे समजावलं, त्यात घरी वाचून मी जे भर घातलं, ते पुढे.

पहिली गोष्ट टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यातला फरक. जुन्या आउटबोर्ड मोटारी बहुतेक टू-स्ट्रोक. त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते आतल्या भागांना लागून जळून जायचं आणि धुरातून काही पाण्यात. जुन्या स्कूटरला पंपावर ‘टू-टी’ टाकायचे तसंच. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळं, खाली चेंबरमध्ये साठवलेलं. पंप ते वर चढवतो, ते सगळीकडे फिरून पुन्हा खाली येतं, आणि हेच तेल महिनोन्‌महिने काम करतं. म्हणजे पहिल्याचं तेल एकदाच वापरून संपणारं आणि दुसऱ्याचं राबणारं. त्यामुळे दोघांची तेलं एकमेकांत चालत नाहीत. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू ३’ लिहिलेलं असेल तर ते टू-स्ट्रोक होडीचं, फोर-स्ट्रोकच्या चेंबरात ओतायचं नाही. उलट चूकही होते. आयुष्यभर टू-स्ट्रोक चालवलेला माणूस सवयीने फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येही तेल मिसळतो, मग प्लग काळे पडतात आणि मोटार खोकते.

होंडाने पहिली फोर-स्ट्रोक आउटबोर्ड १९६४ साली काढली, पण जगभर लोक टू-स्ट्रोकवरच होते. ती हलकी, स्वस्त, जोरदार. अमेरिकेने १९९६ साली होड्यांच्या धुरावर नियम आणले आणि मग हळूहळू पारडं फिरलं. आपल्याकडेही आता नव्या मोटारी जास्त करून फोर-स्ट्रोकच दिसतात.

आता दुसरी गोष्ट, आणि मला ही सर्वांत मजेशीर वाटली. फोर-स्ट्रोक आहे ना, मग कारचं किंवा बाइकचं तेल का नको? लोखंड तेच, पिस्टन तेच, कंपन्याही बऱ्याचदा त्याच. उत्तर इंजिनात नाही, इंजिन राबतं कसं यात आहे.

कार रस्त्यावर धावते तेव्हा आपली ताकद फारशी वापरतच नाही. एकदा वेग घेतला की ती आरामात सरकते. होडीला ते सुख नाही. पाणी सतत मागे ओढतं. मोटार म्हणजे कायम घाट चढणारी, वर सामान लादलेली गाडी समजा. पूर्ण वेगात ती मिनिटाला साडेपाच हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वदच्या वर. ते तासभरही चालू शकतं. अशा वेळी तेलाचा थर फाटता कामा नये.

आणि गंमत म्हणजे याच मोटारीचा दुसरा त्रास बरोबर उलटा आहे. ती पुरेशी तापत नाही! कारचं पाणी रेडिएटरमधून फिरून फिरून गरम राहतं, साधारण ८०-९० अंशांच्या पुढे. आउटबोर्ड मोटार तलावातलं गार पाणी आत ओढते, फिरवते आणि बाहेर सोडते. बऱ्याच मोटारींचा थर्मोस्टॅट ५०-६० अंशांच्या आसपासच उघडतो. इंजिन गार म्हणजे चांगलंच की, असं मलाही वाटलं होतं. पण गार सिलिंडरमध्ये सगळं पेट्रोल जळत नाही, थोडं भिंतींवरून ओघळत खाली तेलात येतं. हवेतला दमटपणा आत पाण्याचे थेंब धरतो, तेही तेलात. इंजिन नीट तापलं तर दोन्ही वाफ होऊन निघून जातात. तापलंच नाही तर साठत जातात. तेल पातळ होतं आणि पातळी चढते.

आमच्या बोटीचं काम आठवा. मुलांच्या मागे मागे, तासन्‌तास मंद चालायचं, मग अचानक एकदा जोर. पेट्रोल तेलात मिसळायला याहून चांगली परिस्थिती नाही. म्हणजे मी तेल ओतायच्या आधीच पातळी वरच्या खुणेच्या थोडी पुढे गेली होती. त्यात माझं अर्धा लिटर. २५ हॉर्सपॉवरच्या मोटारीत सारं मिळून दीड-दोन लिटर तेल मावतं, त्यात अर्धा लिटर म्हणजे चहात मीठ टाकल्यासारखं झालं. जास्तीचं तेल आत फिरणाऱ्या भागांनी घुसळलं गेलं, फेस झाला, पंपाला तेलाऐवजी हवा मिळाली म्हणून दाब पडून बझर वाजला. उरलेलं तेल श्वासनळीवाटे हवेच्या मार्गात जाऊन जळलं, तो निळा धूर. प्लग भिजले. खेळ खलास.

“कम तेल से मोटर मरती, ये सब को मालूम,” चाचा म्हणाले. “जास्ती से भी मरती, ये किसी को नै मालूम.”

आता डब्यावरच्या आकड्यांकडे येऊ. १०डब्ल्यू-३० यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती वाहतं ते सांगतो, लहान तेवढं जास्त वाहतं. दुसरा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहतं ते सांगतो, मोठा तेवढं दाट. काकवी आठवा, गार असताना चमच्याला चिकटून बसते आणि तापवली की पाण्यासारखी पळते. तेलाचंही तसंच असतं. त्यावर उपाय म्हणून त्यात लांब साखळ्यांचे रेणू घालतात. ते थंडीत गुंडाळून बसतात आणि तापले की पसरतात, त्यामुळे तेल गरमीतही फार पातळ होत नाही. फक्त हे रेणू सतत रगडले गेले की तुटतात आणि तेल ग्रेडमधून घसरतं. जोरात चालणाऱ्या मोटारीत हे लवकर होतं.

हैदराबादेत हिवाळ्यातल्या रात्री साधारण दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात आणि मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे पहिल्या आकड्यावर इथे डोकं फोडण्यात अर्थ नाही, बर्फातल्या लोकांचं ते दुखणं. दुसरा आकडा बघायचा. आमच्या मोटारीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० लिहिलं होतं. आपल्या उन्हाळ्यात आणि जोराच्या कामाला मी ४० घेईन. काही कंपन्या मोठ्या मोटारींना २५डब्ल्यू-४० सांगतात. पण तुमची पुस्तिका जे सांगते तेच शेवटचं. तिथे लिहिलेलं नसेल तर ०डब्ल्यू-२० सारखी नव्या कारची पातळ तेलं घेऊ नका. ती कारचं पेट्रोल वाचवायला बनवलेली असतात. आधीच पेट्रोलने पातळ होणाऱ्या चेंबरात आणखी पातळ तेल कशाला?

मग अक्षरं. एपीआय या अमेरिकन संस्थेची खूण डब्यावर असते. ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनांची, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलची. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी श्रेणी नवी, एसजी, एसजे, एसएल, एसएन आणि २०२० साली आलेली एसपी. ट्रकवाल्यांचं स्वस्त १५डब्ल्यू-४० हातात पडलं तर त्यावर नुसतं ‘सी’ आहे की ‘एस’पण आहे ते बघा. नुसतं ‘सी’ असेल तर परत ठेवा.

बाइकच्या तेलावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं असतं. बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर सगळे एकाच तेलात बुडालेले. क्लच घसरू नये म्हणून त्या तेलात जास्त निसरडं करणारी द्रव्यं टाळतात. होडीच्या इंजिन ऑइलमध्ये क्लच नसतोच. गिअर खाली पंख्यापाशी, वेगळ्या पेटीत, आणि त्याला वेगळं दाट गिअर ऑइल. (एका मुलाने ते गिअर ऑइल चेंबरात ओतल्याची गोष्ट चाचा सांगतात. तो मुलगा मी नव्हे, हे नोंदवून ठेवते.) म्हणजे बाइकच्या तेलाने मोटार लगेच बसते असं नाही. अडचणीत योग्य ग्रेडचं बाइकचं तेल कोरड्या मोटारीपेक्षा शंभर पटींनी बरं. पण त्यात होडीसाठी लागणारी एक गोष्ट तपासलेली नसते, ती म्हणजे गंज.

यासाठी ‘एफसी-डब्ल्यू’ ही खूण आहे. अमेरिकेतल्या बोटी बनवणाऱ्यांच्या संघटनेने फोर-स्ट्रोक, पाण्याने गार होणाऱ्या मोटारींसाठी ठरवलेली. ती मिळवायला तेलाला आधी एपीआयची पायरी चढावी लागते आणि वर आणखी परीक्षा. गंज धरू देतं का, फेस किती होतो, पाणी मिसळल्यावर फिल्टर तुंबतो का, रगडल्यावर दाटपणा टिकतो का. आमच्या मोटारीला जे जे झालं होतं, त्याचीच ही प्रश्नपत्रिका! तलावाचं पाणी गोडं, मग गंजाची काळजी कशाला, असं वाटेल. पण मोटार चालते तास-दोन तास आणि बाकीचा आठवडा दमट हवेत, उघड्यावर लटकते. गंज तेव्हा चढतो.

मी हे शोधायला राणीगंजात गेले. पहिल्या दुकानात ‘होडीचं तेल’ म्हटल्यावर दुकानदाराने टू-टीची बाटली पुढे केली. दुसऱ्याने विचारलं, “बुलेटवाला देऊं क्या?” एफसी-डब्ल्यू शेवटी मोटार कंपनीच्या डीलरकडून मागवावं लागलं. महाग आहे, मान्य. दरवेळी मिळतही नाही. न मिळाल्यास पुस्तिकेतल्या ग्रेडचं, पुस्तिकेतल्या एपीआय श्रेणीचं चांगलं पेट्रोल इंजिन ऑइल घ्यावं आणि जरा लवकर बदलावं. माझं मत असं, की सिंथेटिक की साधं, या वादात लोक उगाच शक्ती घालवतात. पेट्रोल आणि पाणी तेलात मिसळताना त्याची किंमत विचारत नाहीत. महागडं सिंथेटिक दोन वर्षं ठेवण्यापेक्षा साधं तेल वेळेवर बदललेलं बरं.

वेळेवर म्हणजे कधी? नव्या मोटारीत पहिल्यांदा १०-२० तासांनी, कारण नवे भाग घासून बारीक धातू सुटतो. पुढे साधारण दर १०० तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा तरी. हा ‘तरी’ रेस्क्यू बोटींना फार लागू. २०२०च्या ऑक्टोबरात हैदराबादेत वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा रस्त्यांवरून बोटी फिरल्या. अशा मोटारी महिनोन्‌महिने गोदामात पडून असतात आणि मग एका रात्री सुरू व्हाव्याच लागतात. पडून असताना जुन्या तेलातला ओलावा आणि आम्लं आतून धातू खातात. म्हणून मोटार ठेवायच्या आधी तेल बदलायचं, काढताना नव्हे. तेल सोडण्याआधी मोटार थोडी चालवून कोमट करायची, गाळ तेलाबरोबर निघतो. आणि गाडीतून नेताना ती पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच आडवी करायची. भलत्या कुशीवर ठेवली तर तेल सिलिंडरमध्ये चढतं.

रंगाबद्दल चाचांचं वाक्य तसंच देते. “काला हुआ तो नक्को डरो. चाय के वैसा हुआ तो डरो.” तेल काळं पडणं म्हणजे ते मळ पोटात घेतंय, ते त्याचं कामच. दुधाच्या चहासारखं झालं तर पाणी शिरलंय, मग मोटार न चालवता आधी कारण शोधायचं.

एक अवांतर, वाङ्मय मंडळ आहे म्हणून. आमचे आजोबा परभणीकडचे. ते इंजिन ऑइलला अजून वंगणच म्हणतात. बैलगाडीच्या आसाला घालायचं ते वंगण, त्यात एरंडेल असायचं. मी हसायचे. मग कळलं, की कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर, म्हणजे एरंडेलावरून आलंय, १९०९ साली. त्याच वर्षी अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेहून आलेल्या कारागिराने आपली आउटबोर्ड मोटार विकायला सुरुवात केली. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, “मग? मी काय वेगळं म्हणत होतो?”

आमची मोटार वाचली. चाचांनी सगळं तेल सोडलं, प्लग धुतले, फिल्टर बदलला, नवं तेल मोजून भरलं. जुनं तेल मी सवयीने मोरीकडे घेऊन निघाले होते, त्यांनी हात धरला. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते मोरीतून शेवटी त्याच तलावात जाणार ज्यात मुलं पडतात. डब्यात भरून, झाकण लावून ठेवलं, भंगारवाल्याला नव्हे तर तेलावर फेरप्रक्रिया करणाऱ्यांकडे द्यायला.

आता धक्क्यावर एक वही आहे. मोटार किती तास चालली, तेल कधी बघितलं, कुणी बघितलं. पातळी बघताना मोटार सरळ उभी होती का, असा एक रकाना मी स्वतः आखलाय. सराव संपल्यावर दहा मिनिटं मोटार जोरात चालवून तापवायची, मगच बांधायची, हेही तिथे लिहिलंय. तो दहा वर्षांचा मुलगा मला बघितलं की अजून विचारतो, “दीदी, आज तेल किसने देखा?” त्याला वही दाखवते.